अपघाताची भरपाई, दिव्यांगत्वाचा दाखला आणि लायसन: नियम आले कुठून

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हा यंत्रात हात गेलेल्या कामगारासाठी वेगळा कायदाच नव्हता. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता, पण तो माणूस दगावला तरच उपयोगी, आणि त्यातही समोरच्याची चूक दाखवावी लागे.

१ जुलै १९२४ पासून कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागू झाला आणि मालकाची चूक सिद्ध करण्याची अट गेली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरे. या कायद्याला एक यादी जोडलेली होती. पुढे सुधारलेल्या यादीप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरायचे, तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला अंगठा आणि तर्जनीच लागते, पण यादी बोटे मोजते, कसब नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या दाव्यावर निकाल दिला. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेला. यादीत आकडा कमी असला तरी एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के धरले गेले. वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा राखणदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. घरच्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागला जुलै २०२५ मध्ये. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९२३ चा कायदा आणि १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा, दोन्ही तिच्यात सामावले गेले. ईएसआय असलेल्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, हे तत्त्व जुनेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या छोट्या यंत्रमाग कारखान्यांत खरी अडचण त्याच्याही आधीची असते. हजेरीत नाव नाही, पगार रोखीने. मग आपण तिथे कामाला होतो हे दाखवायचे कसे?

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा उगम निराळा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट दोन्हींत आहे. संजय गांधी निराधार योजना त्याहून जुनी, १९८० ची, आणि तिचा अर्ज तहसीलकडे जातो. सिव्हिल रुग्णालयाच्या दाखल्यावर ४० टक्के लिहिले म्हणजे भरपाईही त्याच हिशेबाने, असे बरेच जण धरून चालतात. तसे नाही. २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिले: डावा हात गेला तर चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

रस्त्यावरच्या अपघातांचा जुना कायदा १९३९ चा. त्रयस्थाचा (थर्ड पार्टी) विमा १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. दावा न्यायाधिकरणाची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने आली. चूक न दाखवता मिळणारी रक्कम १९८२ मध्ये मृत्यूसाठी १५ हजार होती, १ एप्रिल २०२२ पासून ती पाच लाख आहे. गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. त्याच दिवसापासून दाव्याला सहा महिन्यांची मुदतही परत आली. १९९४ मध्ये ती काढली होती, ते बरे होते. पाय प्लास्टरमध्ये असताना कागद कोण गोळा करणार? या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

लायसन फक्त कोर्टच रद्द करते असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली आरटीओलाही तो अधिकार आहे, पण आधी चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि आदेशाची कारणे लेखी द्यावी लागतात. अपिलाला ३० दिवस. लायसनचा घोळ जखमीच्या मुळावर येऊ नये यासाठी २००४ च्या निकालाने वाट काढली: विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे, मग गाडीमालकाकडून वसूल करायचे. आणि हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचा मालवाहू टेम्पो चालवता येतो का, हा वर्षानुवर्षांचा वाद ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी चालकांच्या बाजूने मिटवला.