इंधनदर आणि अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खनिज तेल, पेट्रोल व इतर इंधनांच्या किमतींचा, आणि त्यांच्याद्वारे एकूण आर्थिक स्थितीचा, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर होणारा परिणाम. राज्यशास्त्रात हा विषय ‘आर्थिक मतदान’ या अधिक व्यापक संकल्पनेत मोडतो. भारतात राष्ट्रपतीची निवड खासदार व आमदार करतात, त्यामुळे तेथे ही संकल्पना त्या पदाला लागू पडत नाही. नोंदीतील पेट्रोलचे दर गॅलनचे (सु. ३.७९ लिटर) असून कच्च्या तेलाचे दर पिंपाचे (सु. १५९ लिटर) आहेत. अमेरिकी बोलीत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. तेथील ‘गॅस महागला’ या तक्रारीचा स्वयंपाकाच्या सिलिंडरशी संबंध नसतो.

मंदीची शिक्षा सत्तेवरील पक्षाला मिळते, हे निरीक्षण जुने आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर १८४० मध्ये मार्टिन व्हॅन ब्यूरेन आणि महामंदीत १९३२ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांचे पराभव ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. त्याचा आकडेवारीने अभ्यास केव्हा सुरू झाला याविषयी मतभेद आहेत. काही जण क्लार्क टिबिट्स यांच्या व्यापारचक्र व बहुमत यांवरील १९३१ च्या लेखापासून आरंभ धरतात. बहुतेक संकलनांत मात्र जेरल्ड क्रेमर यांचा १९७१ चा लेख आधारभूत मानला जातो आणि पद्धतीच्या काटेकोरपणाचा विचार करता तेच योग्य दिसते. क्रेमर यांनी १८९६ ते १९६४ या काळातील प्रतिनिधिगृहाच्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) निवडणुका तपासल्या. वास्तविक उत्पन्नातील बदलाचा मतांशी स्पष्ट संबंध आढळला, बेरोजगारीचा मात्र स्वतंत्र परिणाम फारसा दिसला नाही. जॉर्ज स्टिगलर यांनी १९७३ मध्ये या निष्कर्षावर आक्षेप घेतला. कालखंड किंवा तुलनेचे वर्ष थोडे बदलले की संबंध डळमळतो, असे त्यांनी दाखवले.

पुढचा वाद मतदार कोणाच्या खिशाकडे पाहतो याविषयी झाला. डोनाल्ड किंडर व रॉडरिक कीविट यांनी १९७९ व १९८१ च्या लेखांत असे मांडले की, स्वतःची नोकरी गेली किंवा घरखर्च वाढला यापेक्षा ‘देशाचे कसे चालले आहे’ या समजुतीवर मत अधिक ठरते. क्रेमर यांनी १९८३ मध्ये प्रत्युत्तर दिले. एकाच वेळी अनेक व्यक्तींची पाहणी केली, तर त्यांच्या उत्पन्नातील फरकांत सरकारमुळे पडलेला भाग कमी आणि वैयक्तिक नशिबाचा भाग जास्त असतो, म्हणून अशा पाहणीतून खिशाचा परिणाम उघड होणारच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हा आक्षेप पूर्णपणे निकाली निघालेला नाही. इंधनाच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. पेट्रोलचा दर सर्वांना जवळजवळ एकाच वेळी झळ लावतो, त्यामुळे येथे ‘माझा खिसा’ आणि ‘देशाची स्थिती’ हा भेद पुसट होतो.

निवडणुकीचा अंदाज वर्तवणाऱ्या गणिती समीकरणांत इंधनदराला बहुधा स्वतंत्र स्थान नाही. रे फेअर यांच्या समीकरणात (१९७८, नंतर अनेकदा सुधारित) निवडणूक वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींतील दरडोई वाढ, अध्यक्षाच्या कारकिर्दीतील पहिल्या पंधरा तिमाहींची महागाई आणि जोमदार वाढीच्या तिमाहींची संख्या हे आर्थिक घटक येतात. डग्लस हिब्स यांनी दरडोई वास्तविक खर्चयोग्य उत्पन्नाची वाढ व परदेशी युद्धांतील अमेरिकी सैनिकांचे मृत्यू एवढ्या दोनच घटकांवर समीकरण उभारले; त्यात मागे जावे तसा तिमाहींचा भार कमी होतो. तेल महागले की उत्पन्नाची क्रयशक्ती घटते व महागाई वाढते, म्हणजे इंधन या समीकरणांत मागच्या दाराने येतेच. फेअर यांच्या समीकरणाने १९९२ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांचा विजय वर्तवला होता. निकाल उलटा लागला.

मग इंधनालाच एवढे राजकीय वजन का? कुटुंबाच्या खर्चात पेट्रोलचा वाटा साधारणपणे काही टक्क्यांचाच असतो. परंतु त्याचा दर हमरस्त्यावर, हातभर उंचीच्या आकड्यांत, सेंटच्या दशांशापर्यंत लिहिलेला असतो. दुसऱ्या कोणत्याही जिनसेची किंमत खरेदी न करणाऱ्यालाही रोज अशी वाचावी लागत नाही. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असलेल्या उपनगरांत व खेड्यांत गाडीवाचून भागत नाही, म्हणून दर वाढला तरी खप लगेच फारसा घटत नाही आणि वाढ सरळ खर्चात उतरते. शिवाय कच्चे तेल महागले की पंपावरचा दर झपाट्याने चढतो, स्वस्त झाले की तो रेंगाळत उतरतो. ब्रिटनमधील पेट्रोलच्या अभ्यासावरून रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये या विषमतेला अग्निबाण आणि पीस यांची उपमा दिली. सेव्हरिन बोरेनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतही ती आढळल्याचे नोंदवले. निवडणुकीच्या तोंडावर तेल उतरूनही सत्ताधाऱ्यांना श्रेय वेळेवर मिळत नाही, याचे एक कारण हे असावे.

अध्यक्षाच्या हाती या दराची किल्ली जवळपास नसते. दर मुख्यतः जागतिक बाजार, तेल उत्पादक देशांचे निर्णय, शुद्धीकरण कारखान्यांची क्षमता आणि राज्यांचे कर यांवर ठरतो. तरी दोष मात्र व्हाइट हाउसच्या नावे मांडला जातो. दुष्काळाचे खापर राजावर फोडण्याच्या जुन्या वृत्तीहून हे फार वेगळे नाही.

या विषयातील प्रमुख उदाहरण १९८० ची निवडणूक. तिची पार्श्वभूमी १९७१ पासूनची आहे. रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये वेतन व किमती गोठवल्या. इतर नियंत्रणे पुढे उठली, पण देशी तेलावरील नियंत्रण या ना त्या रूपात १९८१ पर्यंत टिकले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादकांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत कच्चे तेल सु. ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेले. १९७९ मध्ये इराणी क्रांतीनंतर दुसरा तडाखा बसला. सु. १४ डॉलरचे तेल १९८० पर्यंत ३५ डॉलरच्या वर गेले. पेट्रोल १९७८ मधील सु. ६५ सेंटवरून १९८० मध्ये सु. १ डॉलर २० सेंटवर पोहोचले. टंचाईमागे जागतिक पुरवठ्यातील घट होतीच, पण नियंत्रणांचाही हात होता. सरकारी वाटपाचे कोटे आधीच्या काळातील खपावर बेतलेले होते, त्यामुळे शहरांत रांगा आणि अन्यत्र मुबलक साठा असे विपरीत चित्र उभे राहिले. अनेक ठिकाणी गाडीच्या क्रमांकाच्या सम-विषम अंकाप्रमाणे पेट्रोल मिळे. जून १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउन येथे यावरून दंगल झाली.

तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऊर्जेचा प्रश्न आरंभापासून हाती घेतला होता. एप्रिल १९७७ च्या भाषणात त्यांनी त्याला युद्धाच्या तोडीचे नैतिक आव्हान म्हटले. त्याच वर्षी ऊर्जा खाते स्थापन झाले. एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी देशी तेलावरील नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवण्याचे जाहीर केले. धोरण म्हणून ते सयुक्तिक होते, पण दरवाढ निवडणुकीपूर्वी आणि लाभ निवडणुकीनंतर, असा त्याचा क्रम होता. १५ जुलै १९७९ च्या भाषणात त्यांनी राष्ट्राच्या आत्मविश्वासाला तडा गेल्याचे सांगितले. हे भाषण इंग्रजीत ‘मरगळ’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखले जाते. भाषणात तो शब्द कोठेच नाही. जनमतविषयक सल्लागार पॅट्रिक कॅडेल यांच्या टिपणातून तो वृत्तपत्रांकडे गेला, असे सामान्यतः मानतात. भाषणाचे प्रथम स्वागतच झाले होते. दोनच दिवसांनी मंत्रिमंडळाचे राजीनामे मागवले गेले आणि हा अनुकूल परिणाम पुसला गेला.

१९८० मध्ये सरासरी महागाई १३.५ टक्के व बेरोजगारी ७.१ टक्के होती. दुसऱ्या तिमाहीत उत्पादन वार्षिक सु. ८ टक्के वेगाने घसरले. पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखालील मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढे ठेवले होते. २८ ऑक्टोबरला क्लीव्हलंडच्या वादसभेत कार्टर यांचे प्रतिस्पर्धी रॉनल्ड रेगन यांनी मतदारांना विचारले : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? निकालात रेगन यांना ४८९ व कार्टर यांना ४९ निर्वाचक मते (अध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मते) मिळाली. लोकमताचे प्रमाण ५०.७ व ४१ टक्के होते.

या प्रचारातील ‘हलाखी निर्देशांका’चा उगम थोडा गुंतागुंतीचा आहे. महागाई व बेरोजगारी यांच्या दरांची सरळ बेरीज करण्याची कल्पना अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांची, याविषयी सहसा दुमत नाही. त्यांनी मात्र ‘अस्वस्थता’ असा सौम्य शब्द वापरल्याचे दिसते. १९७६ मध्ये कार्टर यांनीच तेव्हाचे अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध हा आकडा (सु. १३.५) वापरला. चार वर्षांनी तो २० च्या वर गेला आणि रेगन यांनी तो कार्टर यांच्यावर उलटवला. ‘हलाखी’ हे नाव नेमके कोणत्या प्रचारात रुळले याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. दोन्ही घटकांना समान भार देण्यास सैद्धांतिक आधार नाही. रॉबर्ट बॅरो यांनी पुढे त्यात व्याजदर व उत्पादनवाढ मिळवून निर्देशांक सुधारला. भाकिताचे साधन म्हणून मूळ बेरीज कच्चीच ठरते : १९८४ मध्ये ती सु. ११.८ असताना रेगन प्रचंड मतांनी निवडून आले, १९९२ मध्ये सु. १०.५ असताना बुश हरले आणि २०१२ मध्ये जवळपास तेवढीच असताना बराक ओबामा जिंकले. पातळीपेक्षा दिशा महत्त्वाची, असा याचा अर्थ लावला जातो.

१९८० चा निकाल तेलामुळे लागला काय, यावर एकमत नाही. तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस होते आणि त्यांच्या बंदिवासाचा पहिला वार्षिक दिन नेमका मतदानाच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला आला. काही जण यावर भर देतात, काही मध्यवर्ती बँकेने ओढवलेल्या मंदीवर. उत्पन्नातील घट हे मुख्य कारण आणि पेट्रोलच्या रांगा ही तिची डोळ्यांना दिसणारी खूण, हे मत उपलब्ध आकडेवारीशी अधिक जुळते.

यानंतर अध्यक्षांनी निवडणुकीपूर्वी पंपावरचा दर उतरवण्याचे काही उपाय योजले. त्यांत १९७५ च्या कायद्याने निर्माण झालेला सामरिक तेलसाठा प्रमुख असून तो टेक्सस व लुइझियानातील मिठाच्या भूगर्भीय पोकळ्यांत ठेवलेला आहे. बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये त्यातून सु. १.२ कोटी पिंपे विकण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००० मध्ये, उपाध्यक्ष व अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांनी मागणी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ कोटी पिंपे उसनवारीच्या तत्त्वावर काढली. रशिया-युक्रेन युद्धानंतर जो बायडेन यांनी २०२२ मध्ये १८ कोटी पिंपे सोडण्याचे जाहीर केले आणि साठा १९८३ नंतरच्या नीचांकास गेला. दुसरा उपाय इंधनकर तात्पुरता माफ करण्याचा. गॅलनमागे १८.४ सेंटचा संघीय कर १९९३ पासून तेवढाच आहे. २००८ मध्ये अध्यक्षपदाचे इच्छुक जॉन मकेन व हिलरी क्लिंटन यांनी उन्हाळ्यापुरत्या माफीचा पुरस्कार केला. ओबामा यांनी ती फसवी म्हणून नाकारली.

इंधनदराचा थेट परिणाम मानणाऱ्यांना अलीकडील निवडणुका अडचणीच्या आहेत. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल १४७ डॉलरवर आणि पेट्रोल ४ डॉलरच्या वर होते. मतदानापर्यंत पेट्रोल सु. २ डॉलर ४० सेंटवर उतरले, तरी सत्तारूढ पक्ष हरला. दर उतरले तेच मुळी अर्थव्यवस्था कोसळल्यामुळे. २०१२ च्या वादसभेत ओबामा यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनी पेट्रोल दुपटीने महागल्याचे सुनावले, तेव्हा ओबामा यांनी दिलेले उत्तर हेच होते. साडेतीन डॉलरच्या आसपास पेट्रोल असताना ते पुन्हा निवडून आले. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, आणि त्या वर्षी पेट्रोल स्वस्त असूनही डॉनल्ड ट्रम्प पराभूत झाले. २०२४ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. जून २०२२ मध्ये पेट्रोल ५ डॉलरवर आणि महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. मतदानाच्या वेळी पेट्रोल ३ डॉलरच्या थोडे वर व महागाई तीन टक्क्यांखाली होती, शिवाय देशातील तेल उत्पादन विक्रमी होते. तरीही सत्तारूढ पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस हरल्या. महागाईचा वेग कमी झाला म्हणजे किमती कमी झाल्या असे नव्हे. अर्थतज्ज्ञ वेग मोजतात, गृहिणी किंमत लक्षात ठेवते.

तेल व वायू उत्पादक राज्यांत गणित उलटे असते, कारण दर पडले की तेथील रोजगार जातात. खडक फोडून वायू काढण्याच्या तंत्रावर बंदीची भूमिका हॅरिस यांनी २०१९ मध्ये घेतली होती व पुढे सोडली. १९ निर्वाचक मतांच्या पेनसिल्व्हेनियात २०२४ मध्ये तो प्रचाराचा विषय झाला.

विजेच्या दरांचे नियमन मुख्यतः राज्यांकडे असल्याने त्यांचा रोष अध्यक्षापर्यंत क्वचित पोहोचतो. घरे तापवण्याच्या तेलाचा प्रश्न ईशान्येकडील राज्यांपुरता आहे. २००० मध्ये त्यासाठी वेगळा राखीव साठा करण्यात आला आणि सप्टेंबरमधील तेलसाठ्याचा निर्णयही याच टंचाईच्या कारणाने झाला. त्याच प्रदेशातील न्यू हॅम्पशर राज्य गोर यांनी सु. ७,२०० मतांनी गमावले. तेथील ४ निर्वाचक मते मिळाली असती तर ते अध्यक्ष झाले असते. त्या पराभवाचे कारण बहुतेक अभ्यासक तेलात नव्हे, तर ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांना तेथे पडलेल्या सु. २२ हजार मतांत शोधतात.