वूस्टरचं पोलर पार्क: ‘स्वतःचा खर्च स्वतः भागवणार’ या वाक्याची पार्श्वभूमी

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराने ‘हे स्वतःचा खर्च स्वतः भागवेल’ असं सांगत कर्ज काढून बांधलेल्या पोलर पार्क या बेसबॉल स्टेडियमच्या आसपासचं उत्पन्न कर्जाच्या हप्त्याला पुरलं नाही, ही बातमी उद्घाटनानंतर तीन-चार वर्षांतच आली. त्याच आठवड्यात शेजारच्या श्रूसबरीला एका मित्राच्या मुलाच्या मुंजीत दोघे जण यावरून चांगलेच तापले. एकाचं म्हणणं, स्टेडियम झालं म्हणून तर त्याच्या भोवतालच्या कॅनाल डिस्ट्रिक्टमध्ये रात्री नऊनंतर माणूस दिसायला लागला. दुसऱ्याचं म्हणणं, करदात्याला सरळसरळ टोपी घातली. दोघेही ‘डीआयएफ’ (डिस्ट्रिक्ट इम्प्रूव्हमेंट फायनान्सिंग, स्टेडियमचं कर्ज फेडायची शहराची योजना) हा शब्द वापरत होते आणि दोघांच्या मनातला त्याचा अर्थ वेगळा होता. ही नोंद मुख्यतः त्या शब्दासाठी. मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या खालचं व्यावसायिक बेसबॉल आणि ट्रिपल-ए ही त्यातली सर्वांत वरची पायरी, एवढं इथे पुरे.

जुना इतिहास थोडक्यात. ब्लॅकस्टोन नदी वूस्टरपाशी उगम पावते आणि ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटकडे वाहत जाते. १७९३ साली पॉटकेटला, याच नदीच्या पाण्यावर, अमेरिकेतली पहिली यशस्वी सूतगिरणी सुरू झाली. १८२८ मध्ये वूस्टर ते प्रॉव्हिडन्स कालवा झाला, वीस वर्षांत रेल्वेने तो बंद पाडला आणि पुढे तो रस्त्यांखाली गाडला गेला. कॅनाल डिस्ट्रिक्ट हे नाव तेवढं उरलं. थोडक्यात, पोलर पार्कमध्ये खेळणारा, बॉस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ ज्या गावाहून (पॉटकेट) आला आणि ज्या गावाला (वूस्टर) गेला, ती दोन्ही एकाच नदीवरची गिरण्या-कारखान्यांची गावं. संघ फक्त प्रवाहाच्या उलट दिशेने गेला.

वूस्टरची लोकसंख्या १९५० मध्ये २ लाख ३ हजार होती, १९८० मध्ये ती १ लाख ६२ हजारांवर आली. कारखाने गेले, हायवे २९० शहराच्या पोटातून काढला आणि डाउनटाउन ओस पडलं. त्याला जाग आणायला १९७१ मध्ये मोठा मॉल उघडला, १९८२ मध्ये बंदिस्त अरीना झाली. मॉल पुढे मोडीत निघाला आणि त्याच्या जागी पुन्हा रस्ते काढावे लागले. मजेची गोष्ट म्हणजे २०२० च्या जनगणनेत शहराने १९५० चा आकडा ओलांडला, २ लाख ६ हजार. तोवर स्टेडियममध्ये एकही चेंडू पडला नव्हता. लोक बॉस्टनची घरभाडी परवडेनात म्हणून आले होते, रेल्वेने तासा-दीड तासात बॉस्टन गाठता येतं म्हणून आले होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा वाद यावरच फिरतो.

डाउनटाउनमध्ये छोटं, विटांचं, जुन्या धाटणीचं बॉलपार्क बांधायचं आणि शहर जागं करायचं, ही कल्पना वूस्टरची नव्हे. बफेलोने १९८८ मध्ये तसं मैदान बांधलं, मेजर लीगचा संघ मिळेल या आशेने. तो मिळाला नाही. १९९० मध्ये मेजर लीगने मायनर संघांच्या मैदानांसाठी किमान दर्जाची अट घातली आणि गावोगावची जुनी मैदानं एका फटक्यात ‘अपुरी’ ठरली. संघमालकांच्या हाती आयतीच धमकी आली: नवं बांधा, नाहीतर चाललो. १९९५ चं नॉर्थ कॅरोलायनातल्या डरमचं मैदान तर या पंथाचं तीर्थक्षेत्र. शेजारच्या तंबाखूच्या रिकाम्या वखारींत आज ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आहेत, ती सगळे दाखवतात. त्या वखारी उघडायला मैदानानंतर नऊ वर्षं लागली आणि शेजारच्या बड्या विद्यापीठाने तिथे भाड्याने जागा घेतली तेव्हा कुठे गाडं हललं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि अपशकुन हवा असेल तर तोही जवळच होता. शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डने ५ कोटी ६० लाख डॉलरचं मैदान काढलं, ते ७ कोटींच्या वर गेलं, कंत्राटदाराशी फाटलं, आणि २०१६ चा अख्खा मोसम त्यांच्या संघाने स्वतःच्या घराविना काढला. ‘होम गेम’सुद्धा परगावी. मैदान उघडलं २०१७ मध्ये, आणि त्याच वर्षी शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. (दिवाळखोरीचं कारण मैदान नव्हतं, पण लोकांनी दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या.)

आता पॉटकेट. तिथलं मॅकॉय स्टेडियम १९४२ चं, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून, दलदलीवर भर टाकून बांधलेलं. १९८१ मध्ये तिथे नेहमीच्या नऊऐवजी ३३ इनिंगचा सामना झाला. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी तो थांबवला तेव्हा गॅलरीत १९ माणसं उरली होती, आणि उरलेला खेळ थेट जूनमध्ये. अशा मैदानावर जीव लावलेल्या गावाचा संघ २०१५ मध्ये नव्या मालकांनी घेतला आणि लगेच प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठी नवं स्टेडियम मागितलं. लोक खवळले. खवळायला कारण होतं. २०१० मध्ये याच राज्याने एका व्हिडिओ गेम कंपनीसाठी साडेसात कोटी डॉलरच्या रोख्यांची हमी घेतली होती. कंपनी २०१२ मध्ये बुडाली आणि बोजा राज्यावर आला. कंपनीचा संस्थापक रेड सॉक्सचाच निवृत्त पिचर! दुधाने तोंड पोळलेल्या ऱ्होड आयलंडने त्यानंतर बेसबॉलचं ताकही फुंकून प्यायचं ठरवलं, यात नवल नाही.

प्रॉव्हिडन्स बारगळलं. मग पॉटकेटमध्येच, त्या जुन्या सूतगिरणीजवळ, ८ कोटी ३० लाखांचा प्रस्ताव आला: संघ साडेचार कोटी, राज्य २ कोटी ३० लाख, शहर दीड कोटी. राज्याच्या सिनेटने जानेवारी २०१८ मध्ये होकार दिला. खालच्या सभागृहाने महिनोन् महिने लावले आणि जूनमध्ये त्यात बदल केला: रोख्यांमागे राज्याची हमी राहणार नाही. करदात्याच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपण. पण हमी गेली की व्याज वाढतं, आणि वाढलेल्या व्याजाचा भार कुणी उचलायचा हे कागदावर मोकळंच राहिलं. जूनअखेर कायद्यावर सही झाली. १७ ऑगस्टला संघमालक वूस्टरच्या सिटी हॉलमध्ये उभे होते.

पॉटकेटचे लोक आजही म्हणतात, संघ आधीच ठरवून बसला होता. ते खरं असो नसो, आकडे बोलके आहेत. पॉटकेटमध्ये संघ ८ कोटी ३० लाखांपैकी साडेचार कोटी देणार होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. वूस्टरमध्ये शहराने सुमारे १० कोटी उभे करायचे आणि त्यांपैकी संघाने सुरुवातीला रोख ६० लाख द्यायचे, बाकी साधारण ३ कोटी तीस वर्षांत भाड्यापोटी. ‘आम्हाला कुणी प्रेमाने बोलावलं’ असं मालकपक्ष सांगत राहिला. असं प्रेम कुणाला नको असतं!

इथे तो शब्द येतो. वूस्टरच्या सिटी मॅनेजरपासून कौन्सिलरपर्यंत सगळ्यांचं एकच वाक्य होतं: मैदान स्वतःचा खर्च स्वतः भागवेल, तुमच्या कराचा एक पैसाही लागणार नाही. साधन, डीआयएफ. बाकी अमेरिका याला टीआयएफ (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग) म्हणते. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेली ही युक्ती. पण मॅसॅच्युसेट्समध्ये टीआयएफ या अक्षरांना आधीच दुसरा अर्थ चिकटला होता: एखाद्या कंपनीने गावात कारखाना काढावा म्हणून तिला दिलेली मालमत्ता करातली सूट. त्यामुळे २००३ चा कायदा करताना वेगळं नाव घ्यावं लागलं. मुंजीतला गोंधळ इथून सुरू होतो. एक जण समजत होता की संघाला करमाफी दिली, दुसरा समजत होता की नवा कर बसवला. दोन्ही नाही.

घडतं ते असं. नकाशावर एक वर्तुळ काढायचं. त्यातल्या मालमत्तांकडून आज जेवढा कर येतो तो आकडा गोठवायचा. समजा एका रिकाम्या प्लॉटचा कर आज वर्षाला १० हजार डॉलर आहे. उद्या तिथे फ्लॅट उभे राहिले आणि कर २ लाख झाला, तर १० हजार नेहमीप्रमाणे शहराच्या तिजोरीत जातील आणि वाढीव १ लाख ९० हजार स्टेडियमच्या हप्त्याला. म्हणजे पैसा कराचाच आहे. फक्त ‘स्टेडियम नसतं तर हा कर आलाच नसता’ असं गृहीत धरलं आहे.

सगळी मेख त्या ‘नसतं तर’मध्ये. वर्तुळातली एखादी इमारत स्टेडियममुळे आली की बॉस्टनच्या भाड्यांमुळे, हे तपासायची सोय कायद्यात नाही. वर्तुळातली एका रिकाम्या फोर्जिंग कारखान्याची जमीन वर्षानुवर्षं पडून होती, म्हणून तिथे स्टेडियममुळेच काहीतरी आलं असं म्हणायला वाव आहे. पण युनियन स्टेशन हे रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर असताना त्या भागात फ्लॅट कधी ना कधी आलेच असते, असंही म्हणता येतं. ते आलेच असते, तर त्यांचा कर शाळांना आणि अग्निशमन दलाला गेला असता.

शिवाय मॅसॅच्युसेट्सची खास अडचण आहे, जी वादात हटकून वगळली जाते. १९८० च्या जनमतानंतर इथली शहरं मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवू शकत नाहीत. अपवाद दोनच: लोकांनी मतदान करून दिलेली परवानगी आणि नवं बांधकाम. वूस्टरसारख्या शहराला श्वास घ्यायला नवं बांधकाम हीच खिडकी. डीआयएफच्या वर्तुळात ती खिडकी तीस वर्षं स्टेडियमच्या बाजूला उघडते. ‘तुमच्या कराचा एक पैसाही लागणार नाही’ हे वाक्य शब्दशः खरं ठेवून किती मोठी गोष्ट त्याच्या आड ठेवता येते, त्याचा हा नमुना आहे.

शहराची बाजूही नीट सांगायला हवी. स्टेडियमांवर सरकारी पैसा उधळण्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिणारा एक नामवंत अर्थतज्ज्ञ शहराने सल्लागार नेमला, आणि त्याने या कराराला बरं म्हटलं. कारण इथे नुसती आशा नव्हती, शेजारच्या जमिनीवर ९ कोटींची खासगी बांधकामं करायला विकासक तयार होता: फ्लॅट, हॉटेल, दुकानं. वूस्टरमधल्याच एका कॉलेजातला क्रीडा-अर्थशास्त्राचा प्राध्यापक मात्र म्हणत राहिला की इतर स्टेडियमांपेक्षा करार बरा असला, तरी पैसे वसूल होतील असं वाटत नाही. कौन्सिलने सप्टेंबर २०१८ मध्ये मोठ्या बहुमताने होकार दिला. घोषणेपासून महिनाभरात! पॉटकेटने तीन वर्षं घोळ घातला, वूस्टरने चार आठवड्यांत उरकलं. दोन्हींत चूक कोणती, हे आपापल्या स्वभावावर अवलंबून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१९ मध्ये कुदळ मारली. खर्च वाढत गेला आणि एकूण आकडा १६ कोटींच्या आसपास पोचला. २०२० मध्ये करोनामुळे मायनर लीगचा मोसमच रद्द झाला. पॉटकेटला निरोपाचा एक सामनासुद्धा मिळाला नाही. मॅकॉयच्या हिरवळीवर टेबलं मांडून लोकांना जेवू घातलं, तोच निरोप. वूस्टरला ११ मे २०२१ रोजी पहिला सामना झाला, मोजक्याच प्रेक्षकांसमोर.

त्याच सुमारास मेजर लीगने मायनर लीगचा कारभार आपल्या हाती घेतला आणि संघ १६० वरून १२० केले. आपल्या राज्यातल्या लॉवेलचं नाव यादीतून गेलं. तिथेही गिरणगाव, तिथेही नदीकाठी १९९८ चं सुबक मैदान. मैदान आहे, संघ गेला. ट्रिपल-ए असल्यामुळे वूस्टरला ती भीती नव्हती, पण संघ कुठे राहणार हे गाव ठरवत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

प्रेक्षक मात्र आले. करोनाचे निर्बंध उठल्यानंतर मोसमाला पाच लाखांच्या आसपास लोक येतात, आणि त्यात आमचंही कुटुंब असतं. स्टेडियमजवळचा केली स्क्वेअर हा चौक आठवतो का? पूर्वी तिथे सिग्नल नव्हता, लेन नव्हत्या, चारी बाजूंनी रस्ते येऊन आदळायचे आणि ज्याची छाती मोठी तो आधी जायचा. पुण्यात स्कूटर चालवलेल्या माणसालाही तिथे घाम फुटायचा. राज्याने तो स्टेडियमच्या निमित्ताने नवा केला. भुईमुगाच्या शेंगेसारखा कमरेत चेपलेला गोल चौक, आता मुलं हात धरून ओलांडतात. तो पैसा राज्याचा असल्यामुळे शहराच्या हिशेबात दिसत नाही. माझ्या मते स्टेडियमने शहराला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट तीच, आणि ती स्टेडियमशिवायही करता आली असती.

फ्लॅट आले, पण उशिरा. हॉटेल मागे पडलं. व्याजदर वाढले आणि करोनानंतर ऑफिसला कुणी जागा घेईना. वर्तुळातला वाढीव कर अपेक्षेइतका वाढला नाही. दरम्यान वर्तुळ मोठं करून शेजारची आणखी बांधकामं त्यात घेतली गेली. ही माझ्या लेखी सर्वांत बोलकी घटना. मैदानाने आपला खर्च आपण भागवायचा होता, त्याऐवजी खर्च भागेल एवढा परिसर ‘मैदानाचा’ झाला. तरीही पुढे तूट आली. ती थेट सर्वसाधारण बजेटातून न भरता शहराने इतर खात्यांतून सावरली आणि येत्या वर्षांत फ्लॅटचा कर सुरू झाला की गाडी रुळावर येईल असं सांगितलं. येईलही. कर्ज तीस वर्षांचं आहे, अजून पहिलाच अंक चालू आहे.

पॉटकेटमध्ये मॅकॉय २०२५ मध्ये पाडायला घेतलं, तिथे आता शाळा होणार आहे. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच गावात, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, साडेदहा हजार प्रेक्षकांचं नवं सॉकर स्टेडियम उघडलं. त्यासाठी सरकारी रोखे काढले गेले, आणि ते फेडण्याची आशा आसपासच्या वाढीव करावर ठेवली आहे.