लाकूड फोडण्याची घरबनावटीची यंत्रे

जळणाचे ओंडके फोडण्यासाठी गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या शेडमध्ये जुन्या वाहनांच्या आणि भंगाराच्या सुट्या भागांतून जुळवलेली यंत्रे. गाडीच्या चाकावर बसवलेला आट्यांचा शंकू, कडेला कुऱ्हाडीचे पाते जोडलेले जड चाक, एकसारखे खालीवर होणारे पाचरीचे यंत्र आणि तेलाच्या दाबाने सरकणारा हायड्रॉलिक दट्ट्या हे त्यांचे मुख्य प्रकार. थंड हवेच्या ज्या देशांत घरे अजून लाकडावर तापवतात तिथे, म्हणजे अमेरिका, रशिया, तुर्कस्तान, बाल्कन देश इथे, ती जास्त आढळतात. गंभीर दुखापतींसाठी ती कुप्रसिद्ध आहेत, आणि बोटे किंवा हात गमावणे ही त्यांतली नेहमीची दुखापत.

फोडण्याचे तत्त्व साधे आहे. लाकूड तंतूंच्या आडवे तोडायला चिवट असते, पण तंतूंच्या दिशेने पाचर घुसली की भेग आपली आपण पुढे पळते. कुऱ्हाड हेच करते. मात्र कुऱ्हाडीचा जोर माणसाच्या खांद्यातून येतो, त्यामुळे माणूस थांबला की कुऱ्हाड थांबते. घरबनावटीच्या यंत्रात नेमके हेच राहून जाते. बनवणारा सगळी अक्कल फोडण्यावर खर्च करतो आणि थांबवण्याची सोय नंतर बघू म्हणतो.

शंकूचे यंत्र. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्या पुन्हा पेटल्या, तेव्हा हा प्रकार फोफावला. पोलादी शंकूवर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. टोक लाकडात शिरले की आटे ओंडक्याला आत ओढतात आणि शंकूचा जाड भाग त्याला उभा चिरतो. ‘स्टिकलर’ नावाचा असा शंकू तर मोटारीच्या मागच्या चाकालाच जोडायचा असे: गाडी जॅकवर उचलायची, गिअर टाकायचा आणि फिरत्या चाकासमोर ओंडका धरायचा.

इथे दोन गोष्टी घडतात. एक, मागची दोन चाके डिफरन्शियलने (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या जोडणीने) जोडलेली असल्यामुळे जमिनीवरचे चाक अडले की उचललेले चाक दुप्पट वेगाने फिरते; वेगमापकाचा काटा २० दाखवत असेल तर चाक ४० च्या वेगाने फिरत असते. दोन, इंजिन बंद करायची किल्ली चालकाच्या पुढ्यात आणि हात शंकूपाशी, मध्ये अर्धी गाडी. जॅक सटकला तर गिअरमध्ये असलेली गाडी पुढे झेपावते, ते वेगळेच.

खरी मेख ओंडक्याच्या लांबीत आहे. शंकू ओंडक्याला फोडतो तसा स्वतःबरोबर फिरवायलाही बघतो. ओंडका लांब असला तर त्याचे दुसरे टोक जमिनीला टेकून अडते आणि लाकूड फुटते. तो आखूड निघाला किंवा गाठीचा, पिळलेल्या तंतूंचा असला, तर फुटण्याऐवजी शंकूवर घट्ट बसतो आणि गरगर फिरू लागतो. पायाच्या नडगीपासून हनुवटीपर्यंत जे आड येईल त्याला तो सोट्यासारखा हाणतो. म्हणून कारखान्यात बनलेल्या शंकूयंत्राला ओंडका अडवणारा पोलादी टेकू असतो. घरच्या नकलेत बहुधा तोच गायब असतो, कारण ज्या चलच्चित्रावरून नक्कल होते त्यात शंकू लक्षात राहतो, टेकू राहत नाही.

हातमोजे हा इथला छुपा शत्रू. एरवी लाकूड हाताळताना ते घालायलाच हवेत. फिरत्या शंकूपाशी मात्र मोज्याचा एक सुटा धागा आट्यात गेला की मागोमाग मोजा जातो आणि मोज्यात हात असतो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) शंकू चालवला तर तो मिनिटाला नेहमीच्या ५४० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला नऊ वेढे घेतो. ‘अरे’ म्हणेपर्यंत बाही गुंडाळली गेलेली असते.

चाकावरची कुऱ्हाड. या लेखातला सर्वांत अविचारी प्रकार. जड चाकाच्या कडेला पाते वेल्ड करतात, इंजिन चाक फिरवत राहते आणि पाते दर फेऱ्याला ठोकळ्यावर उतरते. माणसाने दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत ओंडका ठेवून हात काढायचा. मिनिटाला ६० फेरे धरले तर ही फट एका सेकंदाहूनही कमी. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातोच. उरलेल्या वेळात ओंडका सरळ उभाही करायचा असतो. ओंडका कलंडला की हात तो सावरायला आपसूक पुढे जातो. विचार करून कोणी हात घालत नाही. वर्षानुवर्षांची सवय घालते.

चाकात साठलेली ऊर्जा हा दुसरा भाग. २०० किलोची, मीटरभर व्यासाची भरीव तबकडी मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्यात सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ५० किलोचे पोते मीटरभर उंचीवरून पडावे इतकी. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. इंजिन बंद केले तरी ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते, त्यामुळे चाक फिरत राहते. शिवाय पाते धरून ठेवणारा वेल्डिंगचा सांधा प्रत्येक ठोक्याला ताण खातो; तडा बाहेरून दिसेपर्यंत आत बराच पसरलेला असतो. क्रँकवर (गोल फेऱ्याचे खालीवर हालचालीत रूपांतर करणाऱ्या दांड्यावर) चालणाऱ्या पाचरीचे दोष हेच, फक्त पाते गोल न फिरता सरळ येते.

हायड्रॉलिक यंत्र. हे संथ, म्हणून निर्धोक वाटते. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १७५ बार दाब असेल तर दट्ट्याचा रेटा जवळजवळ १४ टन भरतो. संथ चालणाऱ्या १४ टनांना बोट आणि बाभूळ यांतला फरक कळत नाही. कारखान्यात बनलेल्या बऱ्याच यंत्रांना दोन दांडे असतात आणि पाचर पुढे जाताना दोन्ही हात त्यांवर असावेच लागतात. हात सुटला की पाचर थांबते. घरबनावटीत एकच दांडा असतो. विकतच्या यंत्रातही लोक एक दांडा रबराने बांधून टाकतात आणि मोकळ्या हाताने ओंडका धरतात. दोघे मिळून काम करतात तेव्हा धोका उलट वाढतो: एक ओंडका लावतो, दुसरा दांडा ओढतो, आणि पहिल्याचा हात निघाला अशी दुसऱ्याची समजूत होते. तंतू पाचरीला आडवे येतील असा ठेवलेला ओंडका तर फुटत नाही, दाब साठवतो आणि एकदम उडतो.

नळीतली गळती वेगळ्या जातीची. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उच्च दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस पुसून कामाला लागतो. काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो. लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकते. म्हणून गळती शोधायला नळीवरून हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात.

नियम. युरोपात पाचरीच्या यंत्रांना ईएन ६०९-१ आणि शंकूच्या यंत्रांना ईएन ६०९-२ ही मानके आहेत. ती विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. घरच्या शेडमध्ये कोण काय वेल्ड करतो हे तपासायला कोणी येत नाही. भारतात मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला, त्याचा रोख मळणीयंत्रांवर आहे.

महाराष्ट्रात लाकडाच्या वखारीत कुऱ्हाड, घण आणि लोखंडी पाचर हीच जुनी सामग्री. धोका मात्र इथल्या शेतकऱ्याला नवा नाही: मळणीयंत्रात अडकलेला पदर किंवा पीटीओने ओढलेले धोतर आणि शंकूने ओढलेला मोजा ही एकाच अपघाताची रूपे. आता हातड्रिलला बसवायचे छोटे शंकू ऑनलाइन मिळतात. त्यात ओंडका अडकला की ओंडका फिरत नाही, ड्रिल फिरते, आणि ते धरणारे मनगट त्याच्याबरोबर पिरगळते.

चाकोरीबाहेरचे प्रत्येक साधन वाईट असते असे नाही. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी लोखंडाचे एक कडे बनवले. त्यात पाते धार वर करून पक्के बसवलेले असते. लाकडाचा तुकडा त्यावर उभा करायचा आणि वरून हातोडा मारायचा. तिच्या आईचे बोट चुलीसाठी ढलप्या काढताना कुऱ्हाडीखाली आले होते. या कड्यात पाते हलतच नाही.