एलिनॉर प्रेंटिस शॉ

'द मांचुरियन कँडिडेट' (२००४, दिग्दर्शक जोनाथन डेमी) या रिमेकमधली मेरिल स्ट्रीपची भूमिका. व्हर्जिनियाची सिनेटर, आणि पोराला उपाध्यक्षपदाचं तिकीट मिळावं म्हणून पक्षाच्या बड्या बड्या लोकांना झापणारी आई. पोराचं काम लीव्ह श्रायबरने केलंय. हा पोरगा युद्धावर गेलेला असताना त्याचा मेंदू असा घडवलेला, की ठरावीक खूण मिळाली की तो सांगेल ते करतो.

हे पात्र मुळात रिचर्ड कॉन्डनच्या १९५९ च्या कादंबरीतलं. १९६२ च्या पहिल्या सिनेमात ते अँजेला लॅन्सबरीने केलं, तेव्हा ती पडद्यावरच्या मुलापेक्षा, म्हणजे लॉरेन्स हार्वेपेक्षा, जेमतेम तीन वर्षांनी मोठी होती! तिथे सिनेटर असतो तो नवरा, कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीची उघड टिंगल असलेला, आणि बाई मागून दोऱ्या हलवते. रिमेकमध्ये नवरा कथेतून कटाप, त्यामुळे खुर्चीही तिची आणि दोऱ्याही तिच्याच. म्हणून स्ट्रीपची तुलना नुसती लॅन्सबरीशी करणं अपुरं वाटतं, तिच्या वाट्याला दोन पात्रं एकत्र आलीत.

स्ट्रीपची एलिनॉर कुणावर बेतली यावर बरीच खडाजंगी झाली. सिनेमा ३० जुलै २००४ ला आला, डेमोक्रॅट अधिवेशन संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मग काय, हिलरी क्लिंटनचं नाव लगेच निघालं. स्ट्रीपने ते नाकारलं, मुलाखतींत तिने कॅरन ह्यूज आणि पेगी नूनन या रिपब्लिकन गोटातल्या बायकांकडे बोट दाखवल्याचं सांगतात. हेच जास्त पटतं, कारण बाईंचा सूर देशप्रेम आणि सुरक्षेचाच आहे, आणि कोरियाच्या जागी कुवेत, कम्युनिस्टांच्या जागी 'मांचुरियन ग्लोबल' कंपनी आल्यावर तो सूर आणखी चपखल बसतो. आधीच्या सिनेमात खूण असलेला चौकटच्या राणीचा पत्ता गेला, आता नुसतं पूर्ण नाव उच्चारलं की पोरगा ताब्यात.

स्ट्रीपचं बारीक काम पाहायचं तर ग्लासातला बर्फ कडाकडा चावतानाची बाई पाहावी. आई-मुलातला नको तो ओढा कादंबरीत उघड आहे, इथे अर्धवट सुचवून सोडलाय. शेवटी विजयाच्या जल्लोषात मुलाबरोबर नाचताना एकाच गोळीने दोघं जातात.

पुण्यात सिनेमावाल्यांच्या गप्पांत पारडं १९६२ कडेच झुकतं, लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि पलीकडे एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था असल्यावर दुसरं काय होणार. लॅन्सबरीने गोल्डन ग्लोब जिंकला होता आणि तिला ऑस्करचं नामांकनही होतं, स्ट्रीपला गोल्डन ग्लोब आणि बाफ्ताची नामांकनं, ऑस्करचं नाही.