बाजाराला सर्किट लागलं की शेअरला?

मार्च २०२० मध्ये 'सर्किट लागलं' हे दोन शब्द घरोघरी पोचले, आणि तिथेच घोळ झाला. कारण हे दोन शब्द दोन वेगळ्या घटनांसाठी वापरले जातात. निर्देशांक ठरावीक टक्के पडला की सगळा बाजार थांबतो, ही पहिली घटना. एखादा शेअर त्याच्या दिवसाच्या खालच्या मर्यादेला चिकटतो, ही दुसरी. पहिलीत बाजार बंद असतो, पण पुन्हा कधी उघडणार ते घड्याळ लावून ठरलेलं असतं. दुसरीत बाजार उघडा असतो आणि तरीही तुम्हाला बाहेर पडता येत नाही. घाबरायचंच असेल तर दुसरीला घाबरावं. लोक त्या महिन्यात पहिलीला घाबरले.

आधी बाजाराचं सर्किट. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ही व्यवस्था २ जुलै २००१ पासून लागू केली. तिचे तीन टप्पे आहेत: १०, १५ आणि २० टक्के. सेन्सेक्स किंवा निफ्टी ५०, जो आधी टप्पा ओलांडेल तो धरायचा आणि देशभरातला शेअर व शेअर-वायद्यांचा (पुढच्या तारखेला पुरे होणाऱ्या सौद्यांचा) व्यवहार एकदम थांबवायचा. टक्के मोजतात ते आदल्या दिवसाच्या बंद पातळीवरून.

किती वेळ थांबायचं हे घड्याळावर अवलंबून असतं. दुपारी एकच्या आत १० टक्के पडलं तर ४५ मिनिटं, एक ते अडीचच्या दरम्यान १५ मिनिटं आणि अडीचनंतर अजिबात नाही. १५ टक्क्यांचा टप्पा एकच्या आत आला तर पावणेदोन तास, एक ते दोनमध्ये ४५ मिनिटं आणि दोननंतर आला तर त्या दिवसाचं दुकानच बंद. २० टक्के कधीही आले तरी दिवस संपला. दिवस संपला नसेल, तर थांबण्याची वेळ सरल्यावर १५ मिनिटांचं प्री-ओपन सत्र, म्हणजे ऑर्डरी गोळा करून सुरुवातीचा भाव काढण्याचं सत्र होतं आणि मगच नेहमीचे सौदे सुरू होतात. म्हणजे सकाळचा ४५ मिनिटांचा थांबा प्रत्यक्षात तासाभराचा असतो.

१३ मार्च २०२० ला हे सगळं पाहायला मिळालं. निफ्टी आदल्या दिवशी ९५९०.१५ वर बंद झाला होता, म्हणजे १० टक्क्यांची रेघ साधारण ८६३१ वर. बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच ती तुटली, ८५५५ पर्यंत घसरण झाली आणि व्यवहार थांबले. तासाभराने बाजार पुन्हा उघडला आणि निफ्टी दिवसअखेर ९९५५.२० वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा ३६५ अंकांनी वर बंद झाला. दहाच दिवसांनी, २३ मार्चला, सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा थांबा आला. या वेळी उसळी आली नाही. सेन्सेक्स ३९३४.७२ अंकांनी, १३.१५ टक्क्यांनी पडून २५,९८१.२४ वर बंद झाला. १५ टक्क्यांचा टप्पा मात्र लागला नाही, म्हणून बाजार उरलेला दिवस चालूच राहिला. तेव्हा सर्किट लागलं म्हणजे तळ आला असंही नाही, आणि अजून पडणार असंही नाही. ते फक्त सगळ्यांना एकदम हात आवरायला लावतं. (वरच्या बाजूलाही ते लागतं: १८ मे २००९ ला निवडणुकीच्या निकालानंतर बाजार वर जाऊन बंद पडला होता.)

आता शेअरचं सर्किट. वायदा नसलेल्या प्रत्येक शेअरला दिवसाचा प्राइस बँड, म्हणजे भावाची हद्द असते: २, ५, १० किंवा २० टक्के. आदल्या दिवशी २०० रुपयांवर बंद झालेल्या, १० टक्के बँडच्या शेअरचे सौदे आज १८० ते २२० याच हद्दीत होतील. भाव १८० ला टेकला आणि घेणारेच उरले नाहीत, की त्याला लोअर सर्किट म्हणतात. व्यवहार थांबवलेले नसतात. १८० ला कोणी घ्यायला आला तर सौदा होतोच. पण विकणाऱ्यांची रांग लाखो शेअरांची आणि घेणारे शून्य, हे ॲपमधल्या मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींच्या यादीत, स्पष्ट दिसतं. रांगेत ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. साडेतीनपर्यंत नंबर आला नाही तर ऑर्डर रद्द होते आणि दुसऱ्या दिवशी नवी मर्यादा त्याच्याही खाली असते.

५ टक्के बँडचा १०० रुपयांचा शेअर सलग पाच दिवस लोअर सर्किटला राहिला तर ९५, ९०.२५, ८५.७४, ८१.४५ आणि ७७.३८ असा उतरतो. लहान बँड म्हणजे लहान तोटा, असा समज असणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. लहान बँडमध्ये तोटा हळूहळू होतो आणि तो होताना तुम्ही दाराशी अडकलेले असता.

स्टॉपलॉसचा, म्हणजे भाव ठरावीक पातळीला (ट्रिगरला) उतरला की आपोआप विकण्याच्या ऑर्डरीचा, भरवसा इथेच मोडतो. वरच्या उदाहरणात १८४ चा ट्रिगर लावला असेल तर तो लागेल, पण पुढची विक्रीची ऑर्डर १८० च्या रांगेत शेवटी जाऊन बसेल. १८० च्या खालचा ट्रिगर तर एक्स्चेंज स्वीकारतच नाही. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी विकायच्या बेताने, खरेदी करून अडकलात तर सौदा डिलिव्हरीत जातो, म्हणजे शेअर तुमच्या खात्यात येतात, आणि पूर्ण पैसे भरावे लागतात. उलट बाजूला, हाती नसलेला शेअर आधी विकून बसलात आणि तो अप्पर सर्किटला, म्हणजे वरच्या मर्यादेला, गेला तर शेअर लिलावातून आणले जातात. तो भाव तुमच्या हातात नसतो.

तिसरा प्रकार वायदा असलेल्या शेअरांचा, आणि गोंधळ खरा वाढवतो तो हाच. अशा शेअरांना पक्का बँड नसतो. सुरुवातीची १० टक्क्यांची हद्द असते आणि भाव तिथे पोचला की ती सरकवली जाते. म्हणून २३ मार्चला निर्देशांक १३ टक्के पडला तेव्हा ॲक्सिस बँकेसारखा बडा शेअर एका दिवसात पाव हिश्श्याहून अधिक घसरू शकला. येस बँकेवर ५ मार्चला निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर दिवसअखेर निम्म्याहून जास्त पडला. अशा शेअरमध्ये विकायला गिऱ्हाईक बहुधा मिळतं, पण मिळेल त्या भावाला. २० मार्चला सेबीने ठरवलं की २३ तारखेपासून ही हद्द सरकवण्याआधी १५ मिनिटं थांबायचं.

बाजार कोसळत असताना खरेदी करायची असेल तर आधी शेअरचा बँड पाहा. एनएसईच्या संकेतस्थळावर शेअरच्या पानावर तो दिलेला असतो. कालपर्यंत २० टक्क्यांचा असलेला बँड आज ५ टक्क्यांवर आलेला असू शकतो, कारण शेअर देखरेखीच्या यादीत गेला की एक्स्चेंज तो कमी करतं. ट्रेड-टू-ट्रेड गटातल्या शेअरमध्ये इंट्राडे चालत नाही. 'स्वस्त झालाय' म्हणून लोअर सर्किटच्या शेअरला खरेदीची ऑर्डर टाकली तर ती क्षणात भरली जाते. भराभर मिळणारा माल पाहून लोक खूश होतात. विकणारा इतका घाईला का आलाय, हे मात्र विचारत नाहीत.

बाजाराच्या थांब्यानंतरच्या प्री-ओपनमध्ये, आणि सकाळी नऊच्या सत्रातही, सगळ्या ऑर्डरी गोळा करून एकच भाव काढला जातो. जुळवणी करताना आधी लिमिट ऑर्डर (भाव लिहून टाकलेल्या) लिमिटशी जुळतात, मग उरलेल्या लिमिट मार्केट ऑर्डरशी (मिळेल त्या भावाच्या), आणि मार्केटची मार्केटशी सगळ्यात शेवटी. म्हणून काहीही करून विकायचंच असेल तर मार्केट ऑर्डर टाकू नका. खालच्या मर्यादेच्या भावाची लिमिट टाका. भाव तोच मिळेल जो सगळ्यांना मिळतो, पण नंबर पुढे लागेल.