मुलाखतीत शब्दांना सात टक्केच किंमत?

कोल्हापुरात कॅम्पस मुलाखतींचे दिवस आले की छाप पाडण्याचा हा हिशेब हमखास कानावर येतो: 'शब्दांना ७ टक्के, आवाजाला ३८ आणि देहबोलीला ५५.' आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. घोळ आहे तो त्यांच्या अर्थात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले दोन छोटे प्रयोग. सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्याचा फोटो, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो का, एवढंच ओळखायला सांगायचं. ते ५५ टक्केही चेहऱ्याचे. हातवारे, बसण्याची ढब यांचा त्यात पत्ताच नाही. सूत्र भावना आणि आवडीनिवडीपुरतंच आहे, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. पण मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या शिबिरवाल्यांना कोण सांगणार!

परवा मेकॅनिकलच्या एका पोराची सराव मुलाखत घेतली. शर्टला कडक इस्त्री, पाठ ताठ, नजर थेट माझ्या डोळ्यांत. गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, लागायचंय म्हणाला. विचारलं, "कास्टिंगमध्ये ब्लो होल का येतात?" म्हणजे ओतलेल्या भागात पोकळ छिद्रं का राहतात. पोरगं हसलं. नुसतंच हसलं. साच्याच्या वाळूत ओल जास्त असली की वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकते, एवढं त्यानं खाली बघत, अडखळत सांगितलं असतं तरी मी खूश झालो असतो.

नीट बसा, जरूर. त्याला आरशासमोरची एक संध्याकाळ पुरते. बाकीच्या संध्याकाळी प्रोजेक्टची वही काढा आणि मित्राला दर पानावर 'हे असंच का केलंस?' विचारायला लावा.