सॉईल हेल्थ कार्ड, कृषी कार्ड आणि गोव्यात अर्ज नेमका कुठे अडकतो

मागच्या मे महिन्यात सत्तरी तालुक्यातले एक काका युरियाच्या रिकाम्या पिशवीत चारेक किलो माती घेऊन कृषी ऑफिसच्या काउंटरला उभे होते. कागद एकदम टिपटॉप, प्लास्टिकच्या फोल्डरात, आधारच्या तीन झेरॉक्स. कागद घेतले, माती परत दिली. काका तापले, "माती माझी, मी कशातही आणीन!" मी मागे लाईनीत होतो, मला हसू नाही आलं, कारण पहिल्या वर्षी मीसुद्धा खताच्याच पिशवीतून माती नेली होती आणि माझी तर कोणी परतही केली नव्हती, तशीच टेस्ट झाली, पिशवीला चिकटलेल्या खतामुळे नायट्रोजन भरपूर आला आणि आम्ही खूश.

म्हणून हे लिहितोय. लोक कागदांना देवासारखं जपतात आणि माती कशीतरी उचलतात. पण खरा अर्ज तीच माती असते, बाकीचे कागद ती कोणाची ते सांगायला.

आधी एक गोंधळ मिटवूया. गोव्यात दोन वेगळी कार्डं आहेत आणि दोन्हींना लोक नुसतं "कार्ड" म्हणतात. कृषी कार्ड आपल्या कृषी खात्याचं, म्हणजे तुम्ही शेतकरी आहात आणि अमुक जमिनीत अमुक पीक घेता याची नोंद. खात्याची सबसिडी मागायला गेलात, गांडूळखताची टाकी असो नाहीतर आणखी काही, की पहिलं तेच विचारतात. सॉईल हेल्थ कार्ड केंद्राचं, स्कीम सुरू झाली 19 फेब्रुवारी 2015 ला, त्यात तुमच्या मातीचा रिपोर्ट आणि कुठल्या पिकाला किती खत घालायचं ते असतं, शेतकऱ्याला ते फुकट मिळतं. एक माणसाचं, एक मातीचं. दोन्हीसाठी जायचं ते आपापल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात, पणजीत टोंका इथल्या मुख्य ऑफिसात नाही, तिथे गेलात तरी परत तालुक्यालाच पाठवतील, पेट्रोल फुकट.

कागद साधारण हे लागतात: एक-चौदाचा उतारा, आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटो, मोबाईल नंबर. नंबर स्वतःचा द्या, भाच्याचा नको, भाचा दुबईला जातो आणि मेसेज त्याच्याबरोबर जातात.

आता एक-चौदा. निम्मे लोक इथेच आपटतात. महाराष्ट्रातला सातबारा आणि आपला फॉर्म एक आणि चौदा, काम तेच. डीएसएलआरच्या (गोव्याचं भूमी अभिलेख खातं) वेबसाईटवर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन घातलं की दिसतो. सबडिव्हिजन विसरू नका, 47/2 आणि 47/2-ए ह्या दोन वेगळ्या जमिनी आहेत आणि दुसरी कदाचित शेजाऱ्याची असेल. कब्जेदाराचा रकाना बघा. तिथे तुमचं नाव असेल तर तुम्ही नशीबवान. बहुतेकांच्या उताऱ्यावर आजोबा असतात, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात आणि त्यांच्या खाली सात जणांची नावं, त्यातले दोघे मुंबईला, एक पोर्तुगालला आणि एकाशी बोलणं बंद. अशा वेळी बाकीच्या सहमालकांची एनओसी मागतात. काउंटरवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. मे महिन्यात किंवा चवथीला सगळे गावात येतात ना, तेव्हाच कागद तयार ठेवून सह्या घ्या, मोदक खाताना माणूस जास्त प्रेमळ असतो. कायमचा उपाय म्हणजे वारसाचं डीड करून, वाटण्या करायच्या असतील तर कोर्टात इन्व्हेंतार (वारसांत मालमत्तेची वाटणी) करून, मग मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलणं. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून कोणी करत नाही आणि पुढच्या पिढीला सात नावांची एकवीस होतात.

कब्जेदारात भाटकाराचं (जमीनदाराचं), देवस्थानाचं नाहीतर कोमुनिदादचं (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) नाव बघून काही लोक घाबरून उतारा घडी करून खिशात घालतात. थांबा, पुढचा कुळाचा रकाना वाचा. बापाचं किंवा आजीचं नाव तिथे असेल तर तुमचा हक्क तिथे आहे, 1976 च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीनंतर कुळांना मालक धरलं गेलं, फक्त अनेकांनी पुढचे कागद पुरे केलेच नाहीत. नाव कुठल्याच रकान्यात नसेल आणि नुसतं तोंडी कसत असाल तर मालकाकडून लेखी काहीतरी पाहिजेच, "पन्नास वर्षं आम्हीच नांगरतो" हे सगळ्या गावाला माहीत असलं तरी उताऱ्याला माहीत नसतं.

स्पेलिंगचं दुखणं वेगळंच. गावकर आडनाव इंग्लिशमध्ये एक-चौदावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. नावं मराठीत नीट, कागदावर इंग्लिश, आणि इंग्लिश ज्याने त्याने आपापलं. त्यासाठी वन अँड सेम पर्सनचं ॲफिडेव्हिट करतात, ते आधीच करून न्या, नाहीतर "फाल्यां यो" (उद्या ये) ऐकून घरी.

क्षेत्रफळ वाचताना पण चुकतात. उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. 0.37.50 म्हणजे साडेसदतीस आर, म्हणजे 3750 चौरस मीटर. एका वहिनींनी अर्जावर सदतीस हेक्टर लिहिलं होतं, एवढी जमीन असती तर त्या सबसिडी मागायला कशाला आल्या असत्या! आणि त्याच पानावर जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने आहेत ते बघून ठेवा, कारण तुमची माती कशी घ्यायची ते त्यावरच ठरतं, ते आता सांगतो.

मोरड म्हणजे वरची, डोंगराच्या अंगाची. केर म्हणजे खालची रेताड. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) बसवून समुद्राकडून सोडवलेली. ह्या तिन्हींची माती एका पिशवीत घातली तर रिपोर्ट येतो, पण तो कुठल्याच जमिनीचा नसतो. एका सर्व्हेत वर काजू आणि खाली भात असेल तरी दोन वेगळी सॅम्पलं.

कधी घ्यायची? शेत रिकामं असताना. सरद (पावसाळी भात) कापून झाल्यावर वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) लावायच्या आधी, किंवा वायंगण निघाल्यावर पावसाच्या आधी. खत घालून दोन-तीन महिने तरी गेले पाहिजेत. खाजनात एक भानगड आहे, मे महिन्यात ऊन पडलं की खालचं मीठ वर चढतं आणि पाऊस पडला की धुऊन जातं, त्यामुळे त्याच शेताचा क्षारांचा आकडा, रिपोर्टात ईसी म्हणून असतो तो, मे मध्ये एक आणि ऑक्टोबरला दुसरा. कोणी खोटं बोलत नसतं. पिशवीवर तारीख लिहा आणि पुढच्या वेळी त्याच महिन्यात घ्या, तरच तुलना होते.

शेतात वाकडंतिकडं चालत आठ-दहा जागा धरायच्या. बांधाच्या कडेला नको, झाडाखाली नको, शेणाचा ढीग असायचा तिथे नको, मानशीच्या तोंडाशी नको. वरचा पाला बाजूला करा, पण माती खरवडू नका. व्ही आकाराचा खड्डा 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडा कमी, आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढायची. लोक काय करतात, वरची मऊ माती ओंजळीने भरतात, तिथेच कुजलेला पाला असतो, मग रिपोर्टातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन, फुगतो. काजू, नारळ, सुपारीला वीतभर पुरत नाही, मुळं खाली असतात, तिथे 30 सेंटीमीटरपर्यंतची एक आणि 30 ते 60 ची वेगळी, फांद्यांचा घेर संपतो त्या बाजूने. गंजलेली कुदळ आणि जस्ताची बादली वापरू नका, कार्डावर लोह आणि जस्त पण मोजतात, ते तुमच्या बादलीचं निघायचं. प्लास्टिकचं घमेलं बरं.

सगळी माती स्वच्छ कपड्यावर ओतून मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, उरलेले परत मिसळा, असं अर्धा किलो उरेपर्यंत. चार किलो कोणी मागत नाही. सावलीत सुकवा, पडवीत चालेल, उन्हात नको आणि चुलीवर तर नकोच (हसू नका, पावसाळ्यात केलेलं आहे लोकांनी). नवीन कोऱ्या पिशवीत भरून दोन चिठ्ठ्या, एक आत एक बाहेर, नाव, गाव, सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक. पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीने पसरते आणि मग तुमची माती बेवारस.

खात्याचा माणूस स्वतः येऊन सॅम्पल घेणार असेल तर फारच छान, तो मोबाईल ॲपवर जागेचं लोकेशन टाकतो. पण तुम्ही तिथे हजर राहा. कारण मूळ स्कीमची रचना अशी होती की जिरायतीला 10 हेक्टरच्या चौकोनात एक सॅम्पल आणि बागायतीला 2.5 हेक्टरच्या. आता विचार करा, आपल्याकडे एका गड्याकडे दोन-तीन हजार चौरस मीटर, म्हणजे एका चौकोनात वाडाभर माणसं बसली आणि सगळ्यांच्या कार्डावर आकडे तेच. आमच्या शेजाऱ्याने पाच वर्षं युरिया टाकला, मी शेणखत, आणि दोघांची कार्डं जुळी. कार्ड हातात आलं की सॅम्पल कुठल्या सर्व्हेतून घेतलं ते आधी वाचा, तुमच्यातून नसेल तर वेगळ्या टेस्टसाठी स्वतः सॅम्पल द्या.

कार्डावर 12 आकडे असतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, मग जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, आणि सामू (म्हणजे पीएच, माती किती आम्ल ते सांगणारा), ईसी, सेंद्रिय कर्ब. बहुतेक जण फक्त खताच्या किलोंकडे बघतात, मी म्हणतो आधी सामू बघा. आपली जांभ्याची माती आम्ल, सामू 5.5 च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांची टोकं आखडतात. स्फुरद घातलेलं लोह-ॲल्युमिनियम धरून बसतात, तुम्ही पैसे घालता आणि पिकाला मिळत नाही. तिथे पहिला खर्च चुन्याचा किंवा डोलोमाइटचा. चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकू नका, अमोनिया उडून जातो, दोन-तीन आठवडे मध्ये सोडा.

आणि सेंद्रिय कर्ब. 0.5 टक्क्याच्या खाली कमी, 0.75 च्या वर जास्त. झाडाझुडपांच्या भाटात (बागेत) "जास्त" आलं की लोकांना वाटतं माती जिवंत आहे, झालं. पण कर्ब म्हणजे कोठारातलं भात, शिजवणारे वेगळे. आम्ल मातीत नत्र मोकळं करणारे जिवाणू सुस्त असतात, म्हणून कर्ब जास्त आणि नत्र कमी असं कार्ड बघून लॅबला शिव्या देऊ नका, दोन्ही खरं असू शकतं. जिवाणू, बुरशी, गांडुळं मोजणारा रकाना त्या कार्डात नाहीच. तो तुम्हीच भरा: पावसात एक फावडं माती उलटी करा, गांडुळं मोजा, वास घ्या, वहीत लिहा, पुढच्या पावसात त्याच जागी परत. काजूच्या भाटात बी वेचायला सोपं म्हणून दर वर्षी पाला जाळणाऱ्यांनी जाळलेली आणि न जाळलेली अशा दोन जागा करून बघावं, त्यांना मी काही सांगायची गरज उरणार नाही.

शेवटचं पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची हमी देऊन मिळणारं सेंद्रिय सर्टिफिकेट, ते हवं असलेल्यांसाठी. एकट्याला मिळत नाही, किमान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं तपासायची असतात. इथे सगळ्यात जास्त गैरसमज तारखेचा. "आम्ही वीस वर्षं रासायनिक घातलंच नाही" म्हणून लगेच मिळेल असं वाटतं, पण मुदत मोजतात ती शेवटचं रसायन घातलं ती तारीख किंवा प्रतिज्ञापत्र दिलं ती तारीख, यातली जी नंतरची तिच्यापासून. हंगामी पिकाला 24 महिने, काजू-नारळासारख्या बारमाहीला 36. म्हणजे प्रतिज्ञापत्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवलंत तर वर्ष फुकट गेलं. मोरडीवर पायऱ्यांची शेती असेल तर अजून एक, वरच्या कुणग्यातलं (शेताच्या तुकड्यातलं) खताचं पाणी तुमच्यात उतरतं आणि तपासणीत ते निघतं, म्हणून वरच्या शेजाऱ्याला गटात घ्या, भांडण असेल तर मधे चर मारा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

ह्या वर्षी करायचं असेल तर सॅम्पल एप्रिल संपायच्या आत नेऊन द्या. मे अर्धा झाला की सगळा तालुका पिशव्या घेऊन येतो, आणि कार्ड हातात पडेपर्यंत शेतात चिखलणी झालेली असते.